बरणीत न उरणारा रंग

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर वॉल्टेअरच्या किनाऱ्यावर, म्हणजे आजच्या विशाखापट्टणममध्ये, गोळा केलेल्या बिनशिंपल्याच्या समुद्री गोगलगायी स्पिरिटमधून इंग्लंडला पोहोचल्या. असे जीव स्पिरिटमध्ये पडले की लाल, केशरी, निळे सगळे रंग जातात, अंग आखडतं आणि उरतो तो एक मळकट पांढरा गोळा. तरीही न्यूकॅसलच्या दोन अभ्यासकांनी त्यांतल्या अनेकांना नावं दिली आणि त्यांचे रंगही छापले. हे शक्य झालं, कारण नमुन्यांबरोबर कागदही गेले होते. जिवंत प्राणी समोर ठेवून काढलेली रंगीत चित्रं त्यांवर होती.

आज कॅमेरा घेऊन ओहोटीला खडकांवर उतरणारा माणूस एखादा अनोळखी जीव टिपतो आणि विचारतो, ‘याला नाव आहे का?’ हा प्रश्न नवा वाटतो, पण त्याची पद्धत वॉल्टेअरच्या त्या कागदांइतकी जुनी आहे. या जीवांच्या बाबतीत चित्राला नमुन्याइतकंच मोल आहे. दोन्हींपैकी एक नसलं की दुसरं अडून बसतं, आणि गेल्या पावणेदोनशे वर्षांचा इतिहास हा बराचसा या अडण्याचाच इतिहास आहे.

या गोगलगायी म्हणजे शंख-शिंपल्यांच्याच नात्यातले जीव. अंड्यातून बाहेर पडलेल्या पिल्लाला इवलासा शंख असतो. वाढताना तो टाकून दिला जातो. त्यांच्यातला सर्वांत मोठा आणि देखणा गट न्यूडिब्रॅंकांचा. उघड्या कल्ल्यांवरून या गटाला हे नाव फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज क्युव्हिए यांनी १८१७ साली दिलं. आजवर त्यांच्या सुमारे तीन हजार प्रजातींना नावं मिळाली आहेत. शंख नाही म्हणून हे जीव निराधार मात्र नसतात. काही जण स्पंज खाऊन त्यातली कडू, विषारी रसायनं स्वतःच्या अंगात साठवतात. काही जण हायड्रॉइड नावाचे दंश करणारे बारीक समुद्री जीव खातात आणि त्यांच्या दंशपेशी न फोडता गिळून पाठीवरच्या बोटांसारख्या उंचवट्यांच्या टोकांत नेऊन ठेवतात. भडक रंग ही त्या विषाची जाहिरात. माशांनी पाहून दूर राहावं म्हणून जो रंग घडला, त्याच रंगावरून माणूसही त्यांना ओळखू पाहतो. आणि नेमका तोच स्पिरिटमध्ये काही तासांत, फार तर काही दिवसांत, विरघळून जातो.

न्यूकॅसलचे ते दोन अभ्यासक म्हणजे जोशुआ आल्डर आणि अल्बनी हॅंकॉक. ब्रिटिश किनाऱ्यावरच्या न्यूडिब्रॅंकांवरचा त्यांचा सचित्र ग्रंथ रे सोसायटीने १८४५ ते १८५५ या काळात भागाभागांनी प्रसिद्ध केला. जिवंत प्राणी पाण्यात ठेवून, तो हालचाल करत असताना त्याचं चित्र काढायचं आणि मग विच्छेदन करून आतले अवयव पाहायचे, ही त्यांची शिस्त. त्या ग्रंथातल्या रंगीत पट्ट्या आजही अभ्यासकांच्या उपयोगी पडतात. आल्डर यांची सगळी पुंजी १८५७ साली एका बॅंकेच्या दिवाळ्यात बुडाली, पण गोगलगायींचं काम थांबलं नाही. भारतातून आलेल्या संग्रहावरचा त्यांचा लेख लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीने १८६४ साली छापला.

तो संग्रह पाठवणारे वॉल्टर एलियट मद्रास सरकारचे सनदी अधिकारी होते. मराठी वाचकाला त्यांचं नाव दोन कारणांनी ओळखीचं असायला हरकत नाही. १८२४ साली कित्तूरच्या उठावात पकडल्या गेलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांपैकी ते एक. पुढे त्यांनी धारवाडच्या परिसरात, तेव्हाच्या ‘दक्षिण मराठा मुलखा’त, फिरून तिथल्या सस्तन प्राण्यांची यादी केली, ती १८३९ साली मद्रासच्या नियतकालिकात आली. १८४५ ते १८५४ या काळात ते उत्तर सरकार प्रांताचे आयुक्त होते आणि वॉल्टेअरचा किनारा त्यांच्या अमलाखाली होता. नाणी, शिलालेख, अमरावतीच्या स्तूपाचे शिल्पपट, मासे, पक्षी, किनाऱ्यावरचे जीव असं सगळंच त्यांनी गोळा केलं, आणि निसर्गचित्रं काढायला देशी चित्रकार पदरी ठेवले. आल्डर-हॅंकॉक यांच्या त्या लेखात एक नवं कुळनाम आहे ‘कलिंग’. वॉल्टेअर ज्या प्राचीन देशात येतो, त्याचंच नाव एका गोगलगायीला मिळालं. ‘कलिंग ऑर्नाटा’ हा जीव आजही त्याच नावाने ओळखला जातो. दीडशेहून अधिक वर्षांनी एखादा पाणबुड्या फोटो काढतो आणि तो प्राणी ओळखू येतो, याचं श्रेय आल्डर-हॅंकॉक यांच्या शरीररचनेच्या ज्ञानाइतकंच किनाऱ्यावर बसून रंग जुळवणाऱ्या हाताला आहे. एकोणिसाव्या शतकातल्या अशा कामांत प्रजातीच्या नावापुढे अभ्यासकाचं नाव कायमचं लागलं. चित्रकाराचं तिथे कधीच लागलं नाही. ही उणीव त्या काळाच्या साऱ्या प्राणिशास्त्रात आहे, आणि ती बोलून दाखवायला हवी.

त्याच सुमारास समुद्राच्या पलीकडे श्रीलंकेत एडवर्ड फ्रेडरिक केलार्ट हेच काम करत होते. ते लंकेत जन्मलेले, पेशाने लष्करी डॉक्टर. मोत्यांच्या शिंपल्यांचा अभ्यास करण्याच्या निमित्ताने ते त्रिंकोमालीच्या बंदरात बराच काळ राहिले, आणि तिथल्या गोगलगायींची वर्णनं त्यांनी रॉयल एशियाटिक सोसायटीच्या सिलोन शाखेच्या नियतकालिकात १८५८च्या सुमारास दिली. वर्णनं आटोपशीर होती. १८६० साली इंग्लंडला जाताना बोटीवरच त्यांचा मृत्यू झाला. मागे राहिली ती त्यांची शब्दांतली वर्णनं आणि त्यांनी जपलेली रंगीत चित्रं. तरीही पुढे जवळजवळ अर्धं शतक युरोपात कुणालाही खात्रीने सांगता येईना की केलार्ट यांनी म्हटलेली अमुक ‘डोरिस’ म्हणजे नेमका कुठला जीव.

शब्द किती कमी पडतात, हे समजायला असं एखादं वर्णन वाचावं. ‘पिवळसर, कडेला जांभळी रेघ, पाठीवर ठिपके’ एवढ्या मजकुरात आज माहीत असलेल्या डझनभर प्रजाती बसतील. रेघ अगदी काठावर आहे की काठापासून आत? तिच्या बाहेर पांढरी कड आहे का? ठिपके कातडीवर आहेत की उंचवट्यांच्या टोकांवर? डोक्यावरच्या शिंगांचा रंग बुडाशी एक आणि टोकाशी दुसरा आहे का? चित्र काढणाऱ्याला यातलं काहीच टाळता येत नाही. लिहिणाऱ्याला सगळंच टाळता येतं.

याच्या अगदी उलट टोकाला कोपनहेगनचे रुडॉल्फ बर्ग उभे होते. गुप्तरोगांवर उपचार करणारे हे डॉक्टर फावल्या वेळात न्यूडिब्रॅंकांची विच्छेदनं करत. १९०९ साली वारले तोवर त्यांनी शेकडो प्रजातींचं वर्णन करून ठेवलं होतं. कार्ल सेम्पर यांनी फिलिपिन्समधून आणलेला संग्रह, ‘चॅलेंजर’ या जहाजाच्या जगप्रसिद्ध सफरीतला संग्रह, सगळं त्यांच्या टेबलावर आलं. दातांच्या ओळी, जननेंद्रियांच्या नळ्या, मज्जागाठी यांची त्यांनी केलेली वर्णनं अफाट बारकाईची आहेत. पण त्यांतले कित्येक प्राणी बर्ग यांनी जिवंत कधीच पाहिले नाहीत. जिथे गोळा करणाऱ्याने रंगांची टिपणं किंवा चित्रं दिली होती, तिथे नावाला आधार मिळाला. जिथे फक्त बरणी आली, तिथे नाव आहे, दात आहेत, नळ्या आहेत. पण समुद्रात राहणारा नेमका कुठला प्राणी तो, हे आज कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. फोटोवरून नवी प्रजाती ओळखू पाहणाऱ्याच्या वाटेत ही बिनरंगी नावं आजही आडवी येतात.

हा गुंता सोडवायला बसलेला माणूस मोठा विलक्षण होता. सर चार्ल्स एलियट हे राजनैतिक अधिकारी; ब्रिटिश पूर्व आफ्रिकेचे आयुक्त होते, पुढे हॉंगकॉंग विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले, मग जपानमधले राजदूत. ‘हिंदुइझम अँड बुद्धिझम’ हा १९२१ सालचा त्यांचा तीन खंडांचा ग्रंथ भारतात अनेकांच्या वाचनात असतो. तो वाचणाऱ्या फार थोड्यांना कल्पना असते की हेच गृहस्थ त्या काळी गोगलगायींचे जगातले मोठे जाणकार होते. झांझिबारच्या प्रवाळखडकांवर त्यांनी स्वतः जिवंत प्राणी पाहिले होते, त्यामुळे रंगाची किंमत त्यांना ठाऊक होती. १९०६ साली त्यांनी केलार्ट यांची चित्रं आणि न्यूकॅसलच्या हॅंकॉक संग्रहालयातला आल्डर-हॅंकॉक यांचा संग्रह एकत्र अभ्यासला, आणि दक्षिण भारत व लंकेच्या न्यूडिब्रॅंकांची एकेक ओळख पक्की करत गेले. चित्रावरून नाव लावण्याच्या या कामाला भारतीय समुद्रापुरती खरी सुरुवात या लेखापासून झाली असं म्हणता येईल.

त्यांचं दुसरं काम मराठी माणसाच्या अधिक जवळचं आहे. द्वारकेच्या आसपासचा ओखामंडळ हा प्रदेश तेव्हा बडोदा संस्थानाचा होता. सयाजीराव गायकवाडांच्या राज्यात शेतीपासून ग्रंथालयांपर्यंत सगळ्याची पाहणी होत असे. समुद्रही त्यातून सुटला नाही. जेम्स हॉर्नेल या सागरी जीवशास्त्रज्ञाने १९०५-०६ मध्ये ओखामंडळचा किनारा धुंडाळला आणि बडोदा सरकारला अहवाल दिला. त्याचा पहिला भाग १९०९ मध्ये, दुसरा १९१६ मध्ये प्रसिद्ध झाला. मोत्यांचे शिंपले आणि मासेमारी यांतून उत्पन्न वाढेल का, हा संस्थानाचा व्यावहारिक प्रश्न होता. पण अहवाल तेवढ्यावर थांबला नाही. स्पंज, प्रवाळ, शेवंडी, कालवं, प्रत्येक गट त्या त्या तज्ज्ञाकडे गेला. न्यूडिब्रॅंकांचं प्रकरण चार्ल्स एलियट यांनी लिहिलं. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या या जीवांची ती पहिली नीट मांडलेली नोंद, आणि तिचा खर्च एका मराठी राजघराण्याच्या तिजोरीतून झाला.

रंग टिकवण्याची धडपड इतर वाटांनीही चालू होती. ड्रेस्डेनजवळचे लिओपोल्ड ब्लाश्का आणि त्यांचा मुलगा रुडॉल्फ यांनी १८६०च्या दशकापासून सागरी जीवांच्या काचेच्या प्रतिकृती बनवल्या. जगभरच्या संग्रहालयांनी त्या घेतल्या, कारण स्पिरिटमधला गोळा प्रेक्षकाला काहीच सांगत नव्हता. जपानमध्ये सम्राट हिरोहितो सागामी उपसागरातले जीव स्वतः गोळा करत. त्यांच्या संग्रहातल्या गोगलगायींवरचं किकुतारो बाबा यांचं पुस्तक १९४९ साली आलं, आणि त्याच्या रंगीत चित्रपट्ट्या आशियातल्या अभ्यासकांच्या पुढच्या दोन पिढ्यांनी वापरल्या.

मग कॅमेरा पाण्याखाली गेला. जाक कूस्तो आणि एमिल गान्यां यांनी १९४३ मध्ये श्वसनयंत्र तयार केल्यावर माणसाला खडकापाशी थांबून राहता येऊ लागलं. कूस्तो यांच्या वर्तुळात घडलेला ‘कॅलिप्सो’ कॅमेरा निकॉन कंपनीने घेतला आणि १९६३ पासून ‘निकोनॉस’ या नावाने विकला. वेगळी पेटी न लागणारा, थेट पाण्यात नेता येणारा हा कॅमेरा हौशी पाणबुड्यांच्या आवाक्यात आला. माशाच्या मागे पळावं लागतं. गोगलगाय जागची फारशी हलत नाही. तिच्यावर प्रकाश नीट टाकता येतो, चौकट शांतपणे साधता येते. थोड्याच वर्षांत पाणबुड्या छायाचित्रकारांचा हा लाडका विषय झाला, आणि संग्रहालयांच्या पत्त्यावर स्लाइड्सची पाकिटं येऊ लागली. प्रत्येक पाकिटात तोच प्रश्न.

उत्तर बहुतेक वेळा असं असे: कुळ सांगता येतं, प्रजाती नाही. मग फोटोखाली कुळाचं नाव आणि पुढे ‘एसपी’, म्हणजे ‘कुठली तरी प्रजाती’, असं लिहून क्रमांक टाकायचा. विसाव्या शतकाच्या अखेरीस या गोगलगायींची जी सचित्र मार्गदर्शक पुस्तकं निघाली, ती अशा क्रमांकांनी भरलेली होती. कॅलिफोर्निया अकॅडमी ऑफ सायन्सेसचे टेरेन्स गॉसलिनर यांनी सहकाऱ्यांसोबत केलेल्या हिंद-प्रशांत महासागराच्या पुस्तकांत तर नाव नसलेल्या प्रजाती पानोपानी आहेत, आणि त्या जाणूनबुजून छापल्या आहेत. हे ग्रंथ केवळ ओळखण्यासाठी नव्हते. काय शिल्लक आहे याची ती जाहीर यादी होती. अडचण एवढीच की एका पुस्तकातला ‘एसपी ३’ दुसऱ्या पुस्तकात ‘एसपी १२’ होतो, आणि या दोघांची गाठ घालण्याचं काम पुन्हा कुणाला तरी करावं लागतं.

फोटोवरून ओळखायचं म्हणजे नेमकं काय पाहायचं? आधी आकार. पाठीमागे फुलासारखा कल्ल्यांचा तुरा आहे की पाठभर बोटांसारखे उंचवटे? तुरा असेल तर तो खोबणीत ओढून घेता येतो का? डोक्यावरच्या दोन शिंगांवर पानांच्या चळतीसारख्या घड्या आहेत, आडव्या कड्या आहेत की ती गुळगुळीत आहेत? या जोडीने तो प्राणी वास घेतो. तिचा घाट कुळागणिक बदलतो, म्हणून फोटो काढताना तिच्यावर फोकस साधणं सर्वांत महत्त्वाचं. मग कडा: बाहेरून आत येताना रंगांच्या पट्ट्यांचा क्रम काय? पायाचा कोपरा टोकदार की गोल? शेपटीवर मधोमध रेघ आहे का? जवळ अंड्यांची फीत पडली असेल तर तिचे वेढे आणि रंगही कामाचे. आणि तो कशावर बसला आहे हे फार मोलाचं, कारण यांतले पुष्कळ जण एकाच प्रकारचा स्पंज किंवा हायड्रॉइड खातात. सुंदर फोटोसाठी प्राणी उचलून स्वच्छ वाळूवर ठेवणारा छायाचित्रकार त्याची निम्मी ओळख पुसून टाकतो.

फोटोला स्वतःच्या मर्यादाही आहेत. खोल पाण्यात लाल रंग आधी नाहीसा होतो. फ्लॅश नसेल तर लाल प्राणी करडा दिसतो. मोजमाप शेजारी नसेल तर पाच मिलिमीटरचा जीव आणि पाच सेंटिमीटरचा जीव सारखेच दिसतात, आणि पिल्लाचा रंग प्रौढापेक्षा वेगळा असू शकतो. खालची बाजू, तोंडाजवळच्या मिशा, पायाची पुढची कड बहुतेक फोटोंत येतच नाहीत. दातांच्या ओळी तर कुठल्याच फोटोत येत नाहीत.

हे सगळं जमलं, तरी ‘याला नाव नाही’ हे वाक्य ‘याचं नाव अमुक’ या वाक्यापेक्षा कितीतरी अवघड. नाव सांगायला एक जुळणारी नोंद पुरते. नाव नाही म्हणायला दोनशे वर्षांच्या लॅटिन, जर्मन, फ्रेंच, इंग्रजी, जपानी वर्णनांतून जावं लागतं. बर्ग यांच्या बिनरंगी बरण्यांपर्यंत जावं लागतं. एकाच प्राण्याला चार जणांनी दिलेली चार नावं पाहावी लागतात. म्हणूनच खऱ्या जाणकाराचं पहिलं उत्तर सावध असतं.

आणि रंग फसवतोही. ऑस्ट्रेलियन म्युझियमचे बिल रुडमन यांनी १९७०च्या दशकापासून क्रोमोडोरिड कुटुंबावर प्रदीर्घ लेखमाला लिहिली. त्यात त्यांनी ‘रंगगट’ मांडले: एकाच समुद्रात राहणाऱ्या, पण एकमेकांच्या जवळच्या नसलेल्या प्रजातीही सारखे रंग धारण करतात. विषारी जीवांनी एकच वर्दी घातली तर माशांना ती लवकर पाठ होते आणि सर्वांचाच बचाव होतो. फोटोत तंतोतंत सारखे दिसणारे दोन प्राणी आतून वेगळे निघतात, ते यामुळे.

पुढे डीएनए आला आणि दोन्ही बाजूंनी धक्के बसले. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरची ‘हर्मिसेंडा क्रॅसिकॉर्निस’ ही गोगलगाय मेंदूविज्ञानाच्या प्रयोगशाळांत कित्येक वर्षं वापरली गेली होती. २०१६ साली लक्षात आलं की या एका नावाखाली तीन प्रजाती आहेत. पाठीवरच्या उंचवट्यांवर पांढरी रेघ असणं-नसणं हा फरक छायाचित्रकार वर्षानुवर्षं टिपत होते; तो किरकोळ समजला गेला होता. २०१८ मध्ये कारा लेटन, नेरिडा विल्सन आणि गॉसलिनर यांनी क्रोमोडोरिस कुळ तपासलं. काळ्या-निळ्या रेघांच्या ज्या नक्षीवरून पाणबुडे बिनधास्त नावं सांगत, ती नक्षी एकाच प्रजातीत बदलते आणि वेगवेगळ्या प्रजातींत सारखी असते, असं त्यांना आढळलं. त्याच वर्षी हिप्सेलोडोरिस कुळात एका दमात सतरा नव्या प्रजाती जाहीर झाल्या. त्यांतली ‘हिप्सेलोडोरिस इबा’ फिकट जांभळ्या आणि दुधी अशा दोन रूपांत सापडते. केवळ फोटो पाहणारा त्यांना दोन प्राणी म्हणेल. तरीही एवढं कबूल करावं लागेल की या संशोधनात कुठले प्राणी गोळा करायचे हे ठरलं ते आधीच्या वीस-तीस वर्षांच्या फोटोंमुळे. शंका फोटोनेच उपस्थित केली होती.

मग फोटोवरच नाव का देऊ नये? प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांत याला बंदी नाही. चित्रात दाखवलेला प्राणीच होलोटाइप, म्हणजे नावाचा मूळ आधार, मानता येतो. २०१५ साली दक्षिण आफ्रिकेतल्या एका माशीचं नामकरण निव्वळ छायाचित्रांवरून झालं, त्यावर जगभर वाद पेटला आणि २०१७ मध्ये आयोगाला स्वतंत्र खुलासा काढावा लागला. भारतात याआधीच एक उदाहरण घडलं होतं. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातले खगोलशास्त्रज्ञ रमणा अत्रेय यांनी अरुणाचलमधल्या ईगलनेस्टमध्ये १९९५ साली एक अनोळखी पक्षी पाहिला. २००६ मध्ये त्यांनी त्याचं ‘बुगुन लिओसिकला’ असं नामकरण केलं. पक्षी इतके थोडे होते की मारण्याचा प्रश्नच नव्हता. जाळ्यात आलेल्या पक्ष्याची पिसं, मापं, फोटो घेऊन त्याला सोडून दिलं. तो निर्णय योग्यच होता. पण पक्ष्याची ओळख पिसांवर पटते. गोगलगायीचं पीसही हाती येत नाही, आणि तिची ओळख दातांत, जननेंद्रियांत, डीएनएत दडलेली असते. म्हणून या क्षेत्रातले अभ्यासक आजही म्हणतात की एक-दोन प्राणी तरी जपून घ्यावेत. आणि आता मॅग्नेशियम क्लोराइडने आधी त्यांना सैल करून, फोटो काढून, मगच द्रावणात घालतात.

भारतात या कामाला पुन्हा वेग आला तो मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीतून. दीपक आपटे यांनी २००९ साली लक्षद्वीपच्या गोगलगायींची सचित्र नोंद सोसायटीच्या नियतकालिकात दिली. त्यात भारतासाठी नव्या चाळीस नोंदी होत्या. पुढच्याच वर्षी आपटे, विशाल भावे आणि डी. पराशर्य यांनी कच्छच्या आखाताची यादी केली, तिच्यात आणखी चौदा. एका देशाच्या यादीत दोन लेखांनी पन्नासहून अधिक प्रजातींची भर पडते, याचा अर्थ मधली कित्येक दशकं तिकडे फारसं कुणी पाहिलंच नव्हतं. २०१७ मध्ये आपटे आणि देसाई यांचं भारतातल्या समुद्री गोगलगायींचं छायाचित्रांसह मार्गदर्शक पुस्तक आलं. ओहोटीला उतरणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती देण्यासारखं असं आधी काही नव्हतं.

२०२० साली पश्चिम भारतातून क्राटेना या कुळातल्या दोन नव्या प्रजाती जाहीर झाल्या: ‘क्राटेना पोशित्राएन्सिस’ आणि ‘क्राटेना पवारशिंदेओरम’. मनीषा भराटे, ब्राझीलचे विनिसियस पादुला आणि दीपक आपटे यांनी सहकाऱ्यासोबत बाह्यरूप, अंतर्रचना आणि डीएनए अशी तिन्ही अंगं एकत्र तपासली. पोशित्रा हे गाव ओखामंडळात येतं, म्हणजे हॉर्नेल यांनी बडोदा सरकारसाठी फिरून पाहिलेल्या त्याच किनाऱ्यावर. त्या अहवालातलं चार्ल्स एलियट यांचं प्रकरण छापून झाल्यावर शंभराहून अधिक वर्षांनी तिथला आणखी एक जीव नावाला आला. बोटाच्या पेराएवढा हा प्राणी हायड्रॉइडच्या काडीवर बसला तर तिचाच भाग वाटतो.

मुंबईतही २०१७ पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या नागरिकांच्या गटाने हाजी अली, गिरगाव, जुहू, कार्टर रोड अशा किनाऱ्यांवर लोकांना नेऊन तिथलं जीवन दाखवायला आणि नोंदवायला सुरुवात केली. हिवाळ्यात अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी लांबवर मागे हटतं, खडक उघडे पडतात आणि डबक्यांत या गोगलगायी सापडतात. मोबाइलच्या फोटोला आज तारीख, वेळ आणि ठिकाण आपोआप चिकटतं. वॉल्टेअरला ते हाताने लिहावं लागलं असतं. एकाच खडकाचे सलग काही हिवाळ्यांतले फोटो असणं ही शास्त्राला पूर्वी कधीच न मिळालेली गोष्ट आहे. कुठला जीव कधी येतो, कुठल्या हायड्रॉइडबरोबर येतो, किनारपट्टीवरच्या बांधकामानंतर यायचा थांबतो का, हे यातून कळू शकतं, आणि हे जाणून घेण्याची निकड आहे, कारण मुंबईचे खडकाळ किनारे भराव आणि सांडपाण्याखाली झपाट्याने बदलत आहेत.

नाव मिळण्याची वाट मात्र लांबच राहिली आहे. कच्छच्या आखातासारख्या संरक्षित क्षेत्रात प्राणी गोळा करायला परवानगी लागते, आणि ती लागायलाच हवी. जैवविविधता कायद्यानुसार नव्या प्रजातीचा नमुना ठरवून दिलेल्या संग्रहात ठेवणं बंधनकारक आहे. सागरी जीवांसाठी गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था त्यांपैकी एक. नमुना घेणारा, दात सूक्ष्मदर्शकाखाली पाहणारा, डीएनए वाचणारा आणि जुन्या जर्मन वर्णनांतून जाणारा माणूस देशात मोजकाच आहे. फोटो काढणारे हजारो. त्यामुळे फोटोखाली कुळाचं नाव आणि ‘एसपी’ एवढंच कित्येक वर्षं राहतं. तोवर फोटो काढणाऱ्याने करायच्या गोष्टी साध्या आहेत: शेजारी मापाची पट्टी, शिंगांचा आणि कल्ल्यांचा एक-एक जवळचा फोटो, खालच्या बाजूचा एखादा, ज्यावर तो जीव बसला आहे त्याचा एक, आणि प्राणी होता तिथेच ठेवणं. एवढं असलं, तर पुढच्या हिवाळ्यात दुसऱ्या खडकावर तसाच जीव दिसेल तेव्हा त्याची गाठ या फोटोशी घालता येते, आणि नमुना घ्यायची परवानगी हाती आली की कुठल्या किनाऱ्यावर, कुठल्या महिन्यात जायचं हे ठरलेलं असतं.